खवलेवाल्या माशांना बिनखवल्यांची पिल्लं कशी होतात?

पावसाळ्याच्या तोंडाला बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात शेततळ्यांत आणि गावतळ्यांत मत्स्यबीज सोडायची गडबड सुरू होते. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली येते, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवतात, मग तोंड सोडतात. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. त्याआधीच्या, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अवस्थेला धंद्यातली माणसं ‘जिरे’ म्हणतात.

काही महिन्यांनी जाळं ओढलं की सायप्रिनसच्या, म्हणजे कॉमन कार्पच्या ढिगात एखाददुसरा मासा विचित्र दिसतो. पाठीच्या पराच्या बुडाशी आणि शेपटीजवळ नखाएवढे मोठे, चकचकीत खवले, तेही विस्कटल्यासारखे कुठेही. बाकी अंग गुळगुळीत, हात फिरवला तर चामड्यासारखं लागतं. शेजारीच पडलेले त्याचे भाऊबंद मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत नेटक्या खवल्यांनी झाकलेले. लगेच कुणीतरी म्हणतं, “बी बोगस दिलंय बघा, दुसराच कुठला मासा मिसळलाय.” कुणी पाण्याला दोष देतं, कुणी रोग म्हणून तो मासा बांधावर फेकतं.

तो रोग नाही, भेसळही नाही. तो सायप्रिनसच आहे आणि त्याचे आई-बाप दोघेही पूर्ण खवल्यांचे असू शकतात. हे कसं होतं ते नीट कळलं, तर बी विकत घेताना खरी काळजी कशाची करायची तेही कळतं. ती काळजी खवल्यांची नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या

भिशीच्या डब्यातली चिठ्ठी जशी न बघता उचलतात, तसा आनुवंशिकतेचा कारभार चालतो असं समजा. माशाच्या अंगात प्रत्येक गुणासाठी दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या चिठ्ठीला शास्त्रात जनुक म्हणतात. मादीचं अंडं किंवा नराचं बीज तयार होताना या दोनपैकी एकच चिठ्ठी त्यात जाते. कोणती, ते नशिबावर. अंडं फळलं की पिल्लाकडे पुन्हा दोन चिठ्ठ्या होतात.

सायप्रिनसच्या खवल्यांची एक चिठ्ठी दोन प्रकारची असते. एकीवर लिहिलंय ‘अंगभर खवले’, दुसरीवर ‘विरळ खवले’. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या असल्या तर ‘अंगभर’ची चालते आणि ‘विरळ’ची गप्प बसते. जिची चालते तिला प्रभावी म्हणतात, गप्प बसणारीला अप्रभावी. विरळ खवल्यांचा मासा दिसायचा तर दोन्ही चिठ्ठ्या ‘विरळ’च्याच लागतात.

आता आई-बाप दोघांकडे एक-एक चिठ्ठी ‘अंगभर’ आणि एक-एक ‘विरळ’ असली तर? दोघंही दिसायला पूर्ण खवल्यांचे. पण पिल्लांत चारातल्या एकाला दोन्हीकडून ‘विरळ’ची चिठ्ठी लागते. हजार पिल्लं झाली तर त्यातली अडीचशेच्या आसपास विरळ खवल्यांची निघतील. या माशाला जगभर मिरर कार्प म्हणतात, त्या आरशासारख्या खवल्यांवरून. खाण्याला तो उत्तमच, उलट साफ करायला सोपा. युरोपात कित्येक ठिकाणी मुद्दाम तोच पाळतात. भारतात तो १९३९ साली श्रीलंकेहून निलगिरीत आला. पूर्ण खवल्यांचा सायप्रिनस १९५७ मध्ये बँकॉकहून ओडिशातल्या कटकला आणला गेला. दोघांची जात एकच असल्यामुळे रक्त मिसळायला काहीच अडचण नाही.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला ग्रेगर मेंडेल यांनी, वाटाण्याच्या झाडांवर. १८६५ साली त्यांनी तो वाचून दाखवला, १८६६ मध्ये छापला, आणि १९०० सालापर्यंत कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सायप्रिनसच्या खवल्यांचं गणित १९३० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ किर्पिच्निकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. मत्स्यपालनातलं आनुवंशिकतेचं हे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण आहे.

दुसरी चिठ्ठी, जी जीव घेते

खवल्यांचा कारभार एवढ्यावर संपत नाही. याच माशात आणखी एक, वेगळी जोडी आहे. तिच्यातली एक चिठ्ठी खोडसाळ आहे. ती एक जरी अंगात असली तरी खवले कमी होतात. पूर्ण खवल्यांच्या माशाला ती लागली तर अंगाच्या मधोमध कल्ल्यापासून शेपटीपर्यंत मोठ्या खवल्यांची एकच सरळ ओळ उरते. विरळ खवल्यांच्या माशाला लागली तर जवळजवळ एकही खवला राहत नाही. आणि ही चिठ्ठी दोन्हीकडून आली तर पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमाराला मरतं.

एका ओळीच्या खवल्यांचे नर-मादी एकत्र सोडले तर हॅचरीवाल्याला, म्हणजे माशांची अंडी फळवून बी विकणाऱ्याला, दिसतं काय? पाव हिस्सा जिरे सुरुवातीलाच गेले. तो पाण्याला, ऑक्सिजनला, उन्हाला दोष देईल. खरं कारण त्याने निवडलेल्या जोड्यांत आहे. शिवाय ही चिठ्ठी एकटी असली तरी तिचा त्रास असतोच: पर अर्धवट राहतात, घशातले दात कमी होतात, वाढ आणि तग धरण्याची ताकद घटते. म्हणून एका ओळीचा किंवा पूर्ण बिनखवल्याचा मासा खाऊन टाकावा, त्याच्यापासून बी काढू नये. एका जनुकाचा परिणाम एकाच गुणावर होतो असं नाही, हे त्यातून दिसतं.

मग विरळ खवल्यांचे मासे काढून टाकले की काम झालं?

हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचं उत्तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे.

समजा एखाद्या हॅचरीच्या माशांत शंभरातला एक मासा मिरर निघतो आणि जोड्या कशाही, न निवडता जुळतात. त्या शंभर माशांच्या मिळून दोनशे चिठ्ठ्या. गणित केलं तर त्यातल्या वीस चिठ्ठ्या ‘विरळ’च्या असतात. दोन त्या मिरर माशाकडे. उरलेल्या अठरा चिठ्ठ्या अठरा पूर्ण खवल्यांच्या माशांच्या अंगात गप्प बसलेल्या. तुम्ही मिरर मासा पकडून काढला, वीसातल्या दोन चिठ्ठ्या गेल्या. अठरा तिथेच. त्या डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून काढताही येत नाहीत.

खवले दिसतात म्हणून ही गोष्ट आपल्याला कळली. पण अशा गप्प बसलेल्या चिठ्ठ्या फक्त खवल्यांच्या नसतात. प्रत्येक माशात, जनावरात, माणसातही, काही अपायकारक अप्रभावी चिठ्ठ्या दडलेल्या असतात: कणा वाकडा करणारी, कल्ल्याचं झाकण अर्धवट ठेवणारी, रोगाला लवकर बळी पाडणारी, वाढ खुंटवणारी. एकेकटी असते तोवर तिचा उपद्रव नसतो किंवा फार थोडा असतो. दोन सारख्या चिठ्ठ्या एका अंगात आल्या की ती बोलायला लागते. आणि दोन सारख्या चिठ्ठ्या एकत्र येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त कधी? आई-बाप एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतात तेव्हा. नात्यातल्या नात्यात होणाऱ्या या पैदाशीला अंतःप्रजनन म्हणतात.

लाखांनी अंडी, हाताच्या बोटांवर आई-बाप

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या तळ्यांतले मुख्य मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी नदीतून जिरे गोळा करून ते देशभर पाठवत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त जागेत अंडी घालून घेतली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्या भागात मिळणारी बोटुकली त्याच वाटेने येते: संध्याकाळी नर-मादीला इंजेक्शन, गोल टाकीत फिरतं पाणी, आणि पहाटेच्या सुमाराला टाकीभर फुगलेली, काचेसारखी अंडी.

या शोधाने मत्स्यबीजाचा दुष्काळ संपवला. पण एक गोष्ट बदलली. नदीतून जिरे गोळा करत तेव्हा त्यांचे आई-बाप असंख्य असत. हॅचरीत ते मोजके झाले. गाय एका वेळी एक वासरू देते, त्यामुळे शंभर वासरांना शंभर गायी लागतातच. रोहूची एक किलोची मादी लाखाच्या वर अंडी देते. चार-पाच किलोच्या दोन-तीन माद्या आणि तेवढेच नर असले तरी एका हॅचरीची आठवड्याची मागणी भागते. मग पन्नास ब्रूडर पाळायचे कशाला? ब्रूडर म्हणजे बीजासाठी राखलेले मोठे नर-मादी. त्यांना जागा लागते, खाद्य लागतं, रोहूला दोन वर्षं आणि कटलाला त्याहून थोडं जास्त थांबावं लागतं. हॅचरीवाल्याचा हिशेब पैशाच्या बाजूने चुकीचा नाही. आणि पुढचे ब्रूडर म्हणून तो आपल्याच तळ्यातली पिल्लं राखतो. ती सगळी एकमेकांची भावंडं.

याचं मोजमाप करता येतं: माशाच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता टक्क्यांत मोजतात. दर पिढीला अंतःप्रजनन किती वाढेल ते नर आणि माद्यांच्या संख्येवर ठरतं, आणि कमी संख्येच्या बाजूचं वजन जास्त पडतं. बावीस ब्रूडर आहेत असं धरा. अकरा नर आणि अकरा माद्या वापरल्या तर अंतःप्रजनन एका पिढीत साधारण २.३ टक्क्यांनी वाढतं. तेच बावीस मासे, पण दोन नर आणि वीस माद्या, तर वाढ जवळजवळ ७ टक्के. म्हणजे “आमच्याकडे भरपूर माद्या आहेत” या बोलण्यावर समाधान मानू नये, नर किती ते विचारावं. पंचवीस आणि पंचवीस असे पन्नास ब्रूडर ठेवले तर वाढ एका टक्क्यावर येते. पैदास करणारे लोक निदान ही मर्यादा तरी पाळावी असं मानतात. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर एकाच फटक्यात २५ टक्के.

हे सगळं दूरच्या देशातलं नाही. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल यांनी कर्नाटकातल्याच हॅचऱ्यांचा अभ्यास करून १९९० साली निष्कर्ष छापले. तिथल्या कटला, रोहू, मृगळमध्ये अंतःप्रजनन दर पिढीला २ ते १७ टक्क्यांनी वाढत असल्याचा त्यांचा अंदाज होता. १७ टक्के म्हणजे सावत्र भावंडांच्या जोडीपेक्षाही वाईट, तेही सबंध हॅचरीभर. त्यानंतर अनेक हॅचऱ्यांनी बाहेरून ब्रूडर आणायला सुरुवात केली आहे, पण सगळ्यांनी नाही.

अंतःप्रजनन झालेलं बी पिशवीत ओळखू येत नाही. पिल्लं चपळ असतात, रंग चांगला असतो. फरक पुढे पडतो: मर थोडी जास्त, वाकड्या कण्याची पिल्लं थोडी जास्त, वजन थोडं कमी. प्रत्येक नुकसान एवढं लहान की शेतकरी ते हवामानावर ढकलतो.

सगळ्यांत मोठा मासा निवडून त्याचंच बी धरलं तर?

बैल, म्हैस, ज्वारीचं कणीस यांत आपण हेच करत आलो. माशांतही निवड चालते, पण सावधपणे.

खवल्यांसारखे गुण एक-दोन जनुकांवर ठरतात. वाढ, रोगाला तोंड देण्याची ताकद, अंडी येण्याचं वय हे गुण शेकडो जनुकांवर ठरतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यात पाणी, खाद्य, दाटी यांचा वाटा मोठा. तळ्यातल्या माशांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला वारशाने पुढे जाणारा हिस्सा माशांत बहुतेक वेळा २० ते ४० टक्क्यांच्या घरात असतो. बाकीचा तळ्याचा.

एक उदाहरण. एकाच वयाच्या, एकाच तळ्यातल्या माशांचं सरासरी वजन ८०० ग्रॅम आहे. तुम्ही त्यातले १२०० ग्रॅमचे निवडून ब्रूडर केले. फरक ४०० ग्रॅमचा. वारशाचा हिस्सा पाव धरला, तर पुढच्या पिढीची सरासरी वाढेल १०० ग्रॅमनी, म्हणजे ९०० ग्रॅम. तीनशे ग्रॅम तळ्याने दिले होते, ते तळ्यातच राहिले. एका पिढीत शंभर ग्रॅम वाईट नाहीत! पण हिशेबाची अट लक्षात घ्या: एकाच वयाचे, एकाच तळ्यातले. वेगवेगळ्या पिशव्यांतून, वेगवेगळ्या महिन्यांत सोडलेल्या माशांतला मोठा निवडला तर तुम्ही बहुधा वयाने मोठा मासा निवडलात. आणि ते निवडलेले पाच-सहा मासे एकाच आईचे असले, तर एका हाताने जे कमावलं ते अंतःप्रजनन दुसऱ्या हाताने घालवतं.

इस्रायलमध्ये मोआव आणि वोल्फार्थ यांनी सायप्रिनसवर हा प्रयोग करून १९७६ मध्ये निकाल मांडला. पाच पिढ्या मोठे मासे निवडत गेल्यावरही वाढ सुधारली नाही. उलट दिशेने, म्हणजे लहान मासे निवडले, तेव्हा मात्र वाढ पिढीगणिक घटत गेली. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नकळत तेच घडतं. जाळं ओढलं की मोठा मासा आधी बाजारात जातो, त्याला भाव असतो. बाजारात न खपलेले बारके मासे तळ्यात राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच आई-बाप होतात. मोठा मासा निवडायला शास्त्र लागतं, बारका निवडायला काहीच लागत नाही.

सायप्रिनसच्या बाबतीत तर हॅचरीचीही गरज नाही. तो साचलेल्या तळ्यातच अंडी घालतो. ती चिकट असतात, पाणवनस्पतीला, जलपर्णीच्या मुळांना मोहरीसारखी डकवलेली दिसतात. आपल्या इकडे खूप जण तळ्यात आपोआप झालेली पिल्लं धरून दुसऱ्या तळ्यात सोडतात. फुकटचं बी. पण त्या पिल्लांचे आई-बाप मागच्या वर्षी एकाच पिशवीतून आलेले असतात.

सुधारित जात म्हणजे नेमकं काय केलेलं असतं?

‘जयंती रोहू’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. त्यांनी सुरुवात केली ती चिठ्ठ्यांचा डबा मोठा करण्यापासून: गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतले रोहू आणि संस्थेच्या तळ्यातले, असे वेगवेगळ्या घराण्यांचे मासे एकत्र आणले. प्रत्येक जोडीची पिल्लं आधी स्वतंत्र वाढवली, मग अंगात खूणचिठ्ठी घालून सगळी एकाच तळ्यात सोडली. त्यामुळे तळ्याचा वाटा सगळ्यांना सारखा मिळाला आणि कोणतं घराणं खरोखर वाढतं ते उघड झालं. चांगल्या घराण्यांतले चांगले मासे निवडले, जवळच्या नात्यात जोड्या टाळल्या. संस्थेने दर पिढीला सुमारे १७ टक्के वाढ मिळाल्याचं सांगितलं आहे. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी तो प्रसारात आला, म्हणून नाव जयंती.

कर्नाटकाचं स्वतःचं काम सायप्रिनसवर आहे. आपल्याकडची बरीच तळी वर्षातले सहा-आठ महिनेच भरलेली असतात, आणि इथला जुना सायप्रिनस तेवढ्यातच वयात येतो. अंडी धरली की खाल्लेलं मांसात कमी आणि अंड्यांत जास्त जातं, शिवाय तळ्यात पिल्लांची दाटी होते आणि कुणीच वाढत नाही. अंडी लवकर येणं हा गुणही वारशाने जातो. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या मत्स्य संशोधन केंद्रात, जे बिदरच्या पशुवैद्यकीय आणि मत्स्य विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, वेगवेगळ्या ठिकाणचे सायप्रिनस शेजारी शेजारी वाढवून पाहिले. त्यात हंगेरीहून आणलेला अमूर कार्प उशिरा वयात येणारा आणि जास्त वाढणारा ठरला. त्याचं बी मग राज्यात दिलं जाऊ लागलं. हिडकल धरणाच्या मागच्या पाण्यात किंवा बारमाही विहिरीवर भरणाऱ्या शेततळ्यात त्याचा फायदा थोडा कमी दिसेल. उन्हाळ्यात आटणाऱ्या गावतळ्यात जास्त दिसेल.

हे जनुकीय फेरफार केलेले मासे आहेत का?

नाहीत. जयंती किंवा अमूर यांत बाहेरचं कुठलंही जनुक घातलेलं नाही. चांगल्या आई-बापांची निवड, एवढंच. खिल्लार पैदाशीत वळू निवडतात त्याच जातीचं काम, फक्त नोंदी पक्क्या. जनुक बाहेरून घातलेला, खायला परवानगी मिळालेला मासा म्हणजे अमेरिका-कॅनडातला एक सॅल्मन. आपल्या तळ्यांशी त्याचा संबंध नाही.

संकरित मक्यासारखं दरवर्षी नवं बी घ्यावं लागतं का?

इथे गल्लत होते. संकरित मक्याचं बी घरी धरलं तर दुसऱ्या वर्षी पीक विस्कटतं, कारण त्याची ताकद दोन वेगळ्या वाणांच्या चिठ्ठ्या एकत्र येण्यात असते आणि पुढच्या पिढीत त्या चिठ्ठ्या पुन्हा पांगतात. निवडीने सुधारलेल्या रोहूत चांगल्या चिठ्ठ्यांची संख्याच वाढवलेली असते. ती पिल्लांकडे जाते. जयंतीची पिल्लं पुन्हा ब्रूडर करून बी काढता येतं. पण दहा-बारा मासे राखून पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं तर अंतःप्रजनन ती कमाई खाऊन टाकतं.

यातच एक दिलासाही आहे. अंतःप्रजननाने बिघडलेलं बी कायमचं बिघडलेलं नसतं. एका हॅचरीचे नर आणि नातं नसलेल्या दुसऱ्या हॅचरीच्या माद्या यांची जोडी लावली की त्या पिल्लांतलं अंतःप्रजनन एकाच पिढीत शून्यावर येतं. दोन्हीकडच्या दडलेल्या चिठ्ठ्या बहुतेक वेगवेगळ्या असतात, त्या पुन्हा गप्प बसतात. हुक्केरीच्या आणि खानापूरच्या दोन हॅचरीवाल्यांनी दर दोन-तीन वर्षांनी नरांची अदलाबदल केली तर खर्च वाहतुकीचा तेवढा. मात्र दोघांनी मुळात एकाच ठिकाणाहून ब्रूडर आणले असतील तर या अदलाबदलीचा काही उपयोग नाही.

कटला-रोहूचा संकर

हा वेगळाच प्रकार आहे. एकाच रात्री एकाच टाकीत कटला आणि रोहू दोघांनाही इंजेक्शन दिलं की अंडी आणि नरबीज पाण्यात मिसळतं आणि दोन जातींचा संकर होतो. त्याचं तोंड कटलासारखं पुरतं वर वळलेलं नसतं, डोकं कटलापेक्षा लहान असतं. वाढतो बरा, रोहूपेक्षा वेगाने, आणि मांसही भरपूर निघतं. मग तक्रार कसली? कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिघं एकत्र सोडले की तळ्याचं सगळं अन्न वापरलं जातं. संकर मधेच कुठेतरी चरतो आणि दोघांच्याही ताटात हात घालतो. त्याहून वाईट म्हणजे हा संकर वांझ नसतो. तो नकळत ब्रूडर झाला की पुढच्या पिढीत शुद्ध कटला आणि शुद्ध रोहू दोन्ही गढूळ होत जातात, आणि हे मागे फिरवणं फार कठीण आहे.

बी घेताना काय विचारायचं?

बहुतेक जण फक्त भाव आणि मोजणी विचारतात. हॅचरीवाल्याला त्याच्या ब्रूडरबद्दल विचारा. किती नर, किती माद्या वापरल्या? ते कुठून आणलेत, स्वतःच्याच तळ्यातले असतील तर बाहेरचं रक्त शेवटचं कधी आणलं? कटला आणि रोहू एकाच टाकीत की वेगळे? आधी तो जरा गोंधळेल, कारण हे त्याला कुणी विचारत नाही. चांगला हॅचरीवाला मात्र खुशीने ब्रूडरचं तळं दाखवतो. मत्स्य खात्याच्या केंद्रावरही हे प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पिशवीतली पिल्लं लहान-मोठी दिसली तर त्यावरून बियाणं खराब ठरवू नका. खाद्य आणि दाटीनेही तसं होतं. वाकड्या पाठीची पिल्लं दर पिशवीत डोळ्यांत भरण्याइतकी दिसू लागली, तर मात्र पुढच्या वर्षी दुसरीकडे जा. आणि मिरर कार्प सापडला तर त्याची आमटी करा.

उरलेली बोटुकली नदीत सोडली तर काय बिघडतं?

पुण्याचं काम म्हणून खूप जण हे करतात. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा सगळ्या शेवटी कृष्णेला मिळतात. या खोऱ्यात नदीचे स्वतःचे मासे आहेत, त्यात महाशीरही. दर नदीतल्या माशांच्या चिठ्ठ्या त्या नदीच्या पाण्याशी, दगडांशी, पुराच्या वेळेशी हजारो वर्षांत जुळलेल्या असतात. मोजक्या आई-बापांची लाखभर पिल्लं त्यांत ओतली की नदीच्या डब्यात एकाच घराण्याच्या चिठ्ठ्यांची गर्दी होते.

कावेरीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथे कुबडासारख्या पाठीचा, जगात फक्त त्याच खोऱ्यात सापडणारा महाशीर होता. माशांची संख्या वाढावी या चांगल्या हेतूने तिथे आपल्या दख्खनी नद्यांतला निळसर पराचा महाशीर, हॅचरीत वाढवलेला, सोडला गेला. तो फोफावला. मूळ मासा इतका घटला की आंतरराष्ट्रीय यादीत आज तो अति-धोक्यात आहे. आपल्याकडच्या माशाने तिथे हे केलं, तर तिकडचा मासा आपल्याकडे काय करील ते सांगायला नको. म्हणून पिशवीत उरलेली बोटुकली शेजाऱ्याच्या तळ्यात द्या, ओढ्यात सोडू नका. आणि पावसाळ्यात शेततळ्याचा सांडवा नाल्याला जोडलेला असेल तर त्याला बारीक जाळी बसवा, कारण पुराच्या रात्री मासे आपली परवानगी विचारत नाहीत.